परक्यांच्या तोंडी तुझं नाव

"एवढा मोठा फ्लेक्स लावला आणि बाईंचं नावच टाकलं नाही," माझ्या मागच्या खुर्चीवरचे गृहस्थ म्हणाले.

"राहिलं असेल हो. इकडे असंच," त्यांच्या शेजारच्या बाई म्हणाल्या. "कार्यक्रम होतोय हेच खूप."

आत्या, मी मागे वळले नाही. तू असतीस तर वळली असतीस. त्यांना आधी चहा मिळाला का ते विचारून, मग 'इकडे असंच' म्हणजे कसं, हेही विचारलं असतंस. मी समोर बघत बसले. जव्हारच्या त्या हॉलमध्ये स्टेजवर फ्लेक्स ताणून बांधला होता. वर पुरस्कार देणाऱ्या नाशिकच्या मंडळाचं नाव, मधे तुझ्या कादंबरीचं मुखपृष्ठ, बाजूला निळ्या साडीतला तुझा फोटो. आणि फोटोखाली, जिथे तुझं नाव यायचं, तिथे हातभर कोरा पट्टा. पट्ट्याला सोनेरी किनार होती, दोन्ही टोकांना फुलं होती. म्हणजे कुणी विसरलं नव्हतं. जागा राखून सोडली होती.

मंडळाचे सचिव रामदादाला शोधत फिरत होते. रामदादा, तुझ्या चुलतभावाचा मुलगा, डेपोजवळच्या त्याच्या दुकानातच हा फ्लेक्स छापला होता. तो दारापाशी सापडला.

"अहो, मी तुम्हाला व्हॉट्सअॅपवर मजकूर पाठवला होता. त्यात नाव होतं."

"होतं ना साहेब."

"मग?"

"मी नाय टाकलं."

"नाही टाकलं म्हणजे?"

"आमची बाय ती. दिवस झाला नाय अजून तिचा. दुसऱ्या कुणाची असती तर टाकलं असतं." मग सचिवांचा चेहरा बघून तो म्हणाला, "तेवढी जागा फुकट धरा साहेब."

सचिवांनी माझ्याकडे बघितलं. इंग्रजी शाळेत शिकलेली, नाशिकला नोकरी करणारी मुलगी आपल्या बाजूची असणार, असं त्यांना वाटलं असावं. मी माझ्या हातातल्या कागदाची घडी नीट केली.

तुला हे सांगायला नको, पण हे वाचणाऱ्यांना सांगायला हवं. आमच्यात माणूस गेलं की त्याचा दिवस घालेपर्यंत घरच्यांनी त्याचं नाव घ्यायचं नाही. दिवस म्हणजे त्याला कायमचं पोचवायचा विधी. तो लगेच होत नाही. भात झोडून घरात यावं लागतं, भावकी जमावी लागते, आणि लोक वीटभट्टीवर निघून जायच्या आत सगळं उरकावं लागतं. तोवर गेलेलं माणूस वाटेत असतं. परक्याने नाव घेतलं तर ते त्याला ऐकू जात नाही. घरच्याने घेतलं तर जातं, आणि ते माघारी फिरतं.

म्हणून तू गेल्यापासून आपल्या घरात तुझं नाव नाही. आई 'त्यांची साडी' म्हणते. बाबा 'ती होती तेव्हा' म्हणतात आणि पुढचं वाक्य सोडून देतात. मला वाटलं होतं, नाव घेतलं नाही की माणूस हळूहळू पुसट होत जाईल. झालं उलटंच. नाव असतं तेव्हा माणूस एका जागी असतं, बोलावलं की येतं, नाहीतर आपल्या कामात असतं. नाव काढून घेतल्यावर तू घरभर झालीस. मोरीतल्या बादलीजवळ तू, कणगीमागे तू, आई भाकरी थापताना मधेच थांबते तेव्हा तिच्या थांबण्यातही तूच.

एकदा गॅसवाला आला. कनेक्शन तुझ्या नावावर. त्याने अंगणातून तुझं नाव घेऊन मोठ्याने विचारलं, "आहेत का?" आम्ही तिघं होतो तिथे उभे राहिलो. आई हातातला तांब्या खाली ठेवायची विसरली. तो पुन्हा ओरडला, "अहो, आहेत का नाहीत?" शेवटी बाबा बाहेर गेले आणि म्हणाले, "सिलिंडर आत ठेव." एवढंच. आहेस की नाहीस, हे त्यांनी सांगितलं नाही.

त्या कार्यक्रमानंतर मी घरात शिरले की दार लगेच लोटत नाही. आई म्हणते, कुत्रं येईल. मी म्हणते, येऊ दे.

तुला तो फोन आला तो दिवस मला दिसत राहतो. तू ओट्यावर बसून मासिकाने वारा घेत होतीस, आणि मी तुझ्याशी कुठल्याशा क्षुल्लक गोष्टीवरून अबोला धरला होता. तू फोन स्पीकरवर टाकलास, कारण तुला तो कानाला लावलेला आवडायचा नाही. पलीकडच्या बाईंनी तुझं पूर्ण नाव घेतलं, आजोबांच्या नावासकट, आणि विचारलं, "आपणच का?" तू इतका वेळ गप्प राहिलीस की त्या हॅलो हॅलो करायला लागल्या. मग तू म्हणालीस, "हो. मीच."

त्यांनी सांगितलं की तुझ्या कादंबरीला पुरस्कार मिळालाय. परीक्षकांचं एकमत झालंय. नायिकेला नाव न देणं हे स्त्रीच्या अस्तित्वहीनतेचं फार प्रभावी प्रतीक आहे. तू "बरं" म्हणालीस, "आभारी आहे" म्हणालीस आणि फोन ठेवल्यावर माझ्याकडे वळून म्हणालीस, "प्रतीक कसलं गं? मला भीती वाटली म्हणून नाव नाही दिलं."

मग तू स्वयंपाकघरात गेलीस आणि स्वतःचं नाव मोठ्याने घेऊ लागलीस. एकदा हजेरी घेतल्यासारखं. एकदा निवडणुकीच्या जीपवरून पुकारल्यासारखं. एकदा अगदी हळू, कुणी ऐकू नये असं. मी दारात उभी राहून हसत होते, अबोला तिथेच संपला. तू म्हणालीस, "आश्रमशाळेत मॅडम, घरात आत्या, बाजारात बाय. सासरी तर नुसतं 'ए'. पोरी, किती वर्षांनी मला कुणी अख्खी बोलावली!"

त्या आठवड्याच्या मोखाड्याच्या बाजारातून तू पिशवी भरून सुकट आणि बोंबील आणलेस. आई म्हणाली, पुरस्काराला लोक पेढे वाटतात. तू म्हणालीस, "पेढे परक्यांना. आपल्यांना सुकट." पाड्यावरची अर्धी माणसं नाचणीची भाकरी आणि सुकट खाऊन गेली. कादंबरी म्हणजे काय, हे त्यातल्या कितीजणांना ठाऊक होतं कुणास ठाऊक. एक म्हातारा जाताना म्हणाला, "दरसाल लिही."

ती कादंबरी आपण दोघींनी छपराखाली कधीच लिहिली नाही. हे मी नाशिकला कुणालाही सांगितलेलं नाही, लोकांना त्यात फक्त गंमत दिसली असती. कादंबरीत बोलणारी बाई मेलेली होती. तिचे लोक तिचा दिवस न घालताच कामाला बाहेर गेले होते आणि ती पाड्याच्या वेशीवर त्यांची वाट बघत थांबली होती. आणि मेलेल्याचं बोलणं घरात बोलायचं नाही, यावर तू ठाम होतीस. म्हणून तू खळ्यात फेऱ्या मारत सांगायचीस आणि मी खिडकीतून ओढलेल्या वायरला लॅपटॉप लावून टाइप करायचे. उन्हात स्क्रीन दिसेना की मी डोक्यावरून गोणपाट घ्यायचे. शेजारची माणसं येता-जाता विचारायची, "काय गं, ऑनलाइन काय भरताय?" आणि तू म्हणायचीस, "भुताचा अर्ज."

मला हे हास्यास्पद वाटायचं. मी म्हणायचे, "आत्या, तू पोरांना विज्ञान शिकवलंस."

"अजून शिकवीन. त्याचा काय संबंध?"

"मग आत येऊन बस. पंखा आहे."

"तिला आत घेऊन कशी येऊ?"

आपलं खरं भांडण शेवटाचं होतं. तू कादंबरी संपवलीस तेव्हा ती बाई वेशीवर उभी आहे, लांबून एसटीचा आवाज येतोय, आणि बस. माझं म्हणणं, एकदा तरी कुणीतरी तिला हाक मारायला हवी. एवढी पानं वाचल्यावर वाचणाऱ्याला तिचं नाव कळायला हवं. मी शाळेत शिकलेले सगळे मुद्दे मांडले. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "तुला माघारी येणाऱ्यांची भीती वाटत नाही, कारण तुझं अजून कुणी गेलेलं नाही."

मला राग आला होता. आपल्या वयावर कुणी बोट ठेवलं की येतो तसा. मी लॅपटॉप मिटून आत गेले. आत्या, तू चुकत होतीस, पण कुठे ते तेव्हा मला कळत नव्हतं. आता माझं कुणी गेलेलं आहे. तरी मला भीती वाटत नाही. मला वाट बघावीशी वाटते, आणि ते भीतीपेक्षा वाईट आहे. हे तुला सांगायचं राहिलं.

एका प्रकाशकाने कळवलं होतं की भाषा जरा शुद्ध करा आणि नायिकेला नाव द्या, मग बघू. त्यातलं दुसरं माझंच म्हणणं होतं, म्हणून मी गप्प बसले. तू म्हणालीस, "दोघं एका बाजूला झालात. आता तर नाहीच देणार." आणि तू स्वतःच पुस्तक छापून आणलंस. नाशिकहून गठ्ठे एसटीतून आले. कंडक्टरने विचारलं, काय आहे बाई यात? तू म्हणालीस, "भूत आहे. त्याला हाफ तिकीट चालेल का?"

ती पुस्तकं तू बाजाराच्या दिवशी मंजीमावशीच्या सुकटीशेजारी पोतं अंथरून विकायला बसायचीस. तिथे बसायची मला लाज वाटायची, आणि तुला ते दिसायचं. मी दोन दुकानं सोडून उभी राहायचे, मोबाइलमध्ये बघितल्यासारखं करत. तू ओरडायचीस, "ए इंग्रजी, जरा सुट्टे दे!" एकदा तू म्हणालीस की माझ्या शाळेने मला दोन भाषांत गप्प बसायला शिकवलं. मी गप्प बसले. मग आपण दोघी हसलो. सगळ्या प्रतींना बोंबलाचा वास होता. परीक्षकांकडे गेलेल्या प्रतींनाही असणार. ते त्यांच्या निवेदनात आलं नाही.

तू गेल्यानंतर मी त्या बाजारात गेले. मंजीमावशीच्या शेजारी तुझ्या पोत्याएवढी जागा मोकळी होती. एक बांगडीवाली तिथे टोपली ठेवायला आली तर मावशी खेकसली, "तिथं नको. उठून चाय प्यायला गेली ती." मग तिने मला बघितलं आणि तिच्या हातातला तराजू लोंबत राहिला. तिने तुझं नाव घेतलं. ती आपल्या भावकीतली नाही, तिला चालतं. दोन-तीनदा घेतलं, रडत, नाक पुसत. मी तिथे उभी राहून ऐकत होते आणि मला तिचा हेवा वाटला. इतका हेवा मला कधी कुणाचा वाटला नव्हता.

मंडळाने कळवलं की पुरस्कार देण्यासाठी तेच जव्हारला येतील, आणि घरातल्या कुणीतरी तो घेऊन दोन शब्द बोलावेत. कार्यक्रम दिवसाच्या आधी येत होता. भात अजून शेतात उभं होतं. बाबांनी मला अंगणात बोलावलं. पंचायत समितीत इतकी वर्षं काढलेला माणूस, साहेबांसमोरही आवाज न चढवणारा. ते म्हणाले, "तू घे. तुझा हात होता त्या पुस्तकात. पण नाव घेऊ नको."

मी म्हणाले, "बाबा, तुम्ही मानता हे?"

ते ओट्याच्या कडेला टेकले. मग त्यांनी मला तुझी ती गोष्ट सांगितली, जी तू मला कधी सांगितली नव्हतीस. तुला सासरी काय होत होतं हे इथे कळलं तेव्हा बाबा कॉलेजात होते. ते एकटेच तिथे गेले. घरात कुणी घेईना, म्हणून ते अंगणाबाहेर रस्त्यावर उभे राहिले आणि त्यांनी तुला नावाने हाक मारली. तू ताट तसंच टाकून, हात न धुता बाहेर आलीस. वाटेत ओहोळावर हात धुतलास.

"माझ्या हाकेला ती येते," बाबा म्हणाले. "भांडीकुंडी टाकून येते. आता ती थकलीय. तिला जाऊ दे. अर्ध्या वाटेवरून फिरवू नको."

मी हो म्हणाले. त्यांच्यासाठी एक कागद लिहिला. त्यात सगळीकडे 'माझी आत्या' होतं. बाबांनी तो दोनदा वाचला, 'अतिशय' हा शब्द एका ठिकाणी कमी केला आणि परत दिला.

तर तो कार्यक्रम. दीपप्रज्वलन झालं, दोनदा, कारण पहिल्यांदा पंख्याने विझवलं. भाषणं झाली. प्रत्येकाने तुझं नाव घेतलं. कुणी पुढे ताई लावलं, कुणी श्रीमती, एकाने तर तुझ्या वडिलांचं नाव भलतंच सांगितलं. अस्तित्वहीनता आली, प्रतीक आलं. पुढच्या दोन रांगांत आपली माणसं बसली होती, पाड्यावरून दोन जीप भरून आलेली, इस्त्रीच्या कपड्यांत, हात मांडीवर ठेवून. त्यांच्यातलं कुणी टाळ्या वाजवत नव्हतं. मागच्या बाई कुजबुजल्या, "यांना काही कळतंय का?"

मग निवेदिकेने पुरस्कारासाठी तुझं नाव पुकारलं आणि सवयीने क्षणभर थांबली, माणूस उठून येईपर्यंत थांबतात तशी. आणि आपली सगळी माणसं दाराकडे बघायला लागली. म्हातारी, तरणी, रामदादा, सगळे. दारात ऊन होतं फक्त.

तेव्हा मला ते कळलं. ज्यांचा आवाज तुला ऐकू जात नाही, ते सगळे तुझ्याविषयी बोलत होते. ज्यांचा जातो, ते तोंड मिटून बसले होते. तुझं कौतुक हॉलभर चाललं होतं आणि तुला त्यातलं एक अक्षर पोचत नव्हतं. तू बाहेर कुठेतरी, खळ्यात फेऱ्या मारायचीस तशी फिरत असशील, आणि तुला कुणी सांगितलंच नसेल की हे सगळं तुझ्यासाठी आहे. स्वतःचं नाव स्वयंपाकघरात इतक्या परींनी म्हणून बघणारी तू.

मी स्टेजवर गेले. शाल माझ्या खांद्यावर घालायला लागले, ती मी हातात घेतली. नारळ, मानचिन्ह, फोटो. मग सचिवांनी माइक माझ्या उंचीला वाकवला आणि म्हणाले, "दोन शब्द." मी घडी उलगडली. 'माझी आत्या' ने सुरू होणारं वाक्य समोर होतं. मला तू थकलेली दिसत होतीस, शेवटच्या दिवसांत दिसायचीस तशी, पाय ओढत बरंच पुढे गेलेली. आणि मला तू स्वयंपाकघरातही दिसत होतीस. दोन्ही खरं होतं. तुझ्यासाठी काय बरं, हे ठरवायला तूच तिथे नव्हतीस, आणि तुला विचारायचं तर तुला बोलवावं लागणार होतं.

मी बाबांकडे बघितलं. ते नको म्हणतील म्हणून बघितलं असेल, किंवा त्यांनी नको म्हणावं म्हणून. पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. बाकीच्यांनी माना परत स्टेजकडे वळवल्या होत्या, निवेदिका बाजूला झाली होती, आणि बाबा अजून दाराकडेच बघत होते. खुर्चीच्या कडेला सरकून, उठायला निघाल्यासारखे.

मी कागद मिटला.

"सोनकी सोमा भोये," मी म्हणाले. "आत्या, मी बोलतेय. आत ये."